इंडक्शन व्हिडिओ

घरून किंवा परगावाहून काम करणाऱ्या नव्या कर्मचाऱ्याला संस्थेची ओळख, नियम, संगणकीय साधने आणि नेमून दिलेले काम समजावे, म्हणून आगाऊ मुद्रित करून ठेवलेल्या चित्रफिती, आणि त्यांच्या आधारे नवागताला रुजू करून घेण्याची पद्धत. पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांतील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत ती सर्वपरिचित आहे. स्वागत, पगार, रजा, भविष्यनिर्वाह निधी, विमा, व्हीपीएनची (कंपनीच्या संगणक-जाळ्यात बाहेरून सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीची) जोडणी यांविषयीचे व्हिडिओ मनुष्यबळ विभाग पुरवतो. प्रत्यक्ष कामाचे व्हिडिओ मात्र बहुधा त्या त्या टीमने केलेले असतात. त्यांना ‘केटी रेकॉर्डिंग’ म्हणतात. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, कामाच्या माहितीचे हस्तांतर. या दोन प्रकारांची घडण इतकी वेगळी आहे, की त्यांचा उगम एकच मानणे अवघड जाते.

उगम : याकडे दोन अंगांनी पाहता येते. पहिल्या मतानुसार ही पद्धत प्रशिक्षणपटांच्या परंपरेतून आली. कारखान्यातील हालचालींचा अभ्यास करण्यासाठी फ्रँक गिलब्रेथ यांनी साधारणपणे १९१२ पासून चलच्चित्रांचा उपयोग केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ ते १९४५ या वर्षांत, अमेरिकेच्या शिक्षण कार्यालयाने यंत्रकाम, जहाजबांधणी यांसारख्या विषयांवर ४५७ बोलपट तयार केले. त्यांच्यासोबत ४३२ मूक चित्रपट्ट्या (एकामागून एक दाखवायच्या स्थिरचित्रांच्या फिती) आणि ४५७ शिक्षक-पुस्तिका दिल्या होत्या. पुस्तिकांची संख्या बोलपटांइतकीच आहे, ही गोष्ट महत्त्वाची. बोलपट एकट्याने शिकवील अशी अपेक्षाच नव्हती. तो दाखवून पुढे काय विचारायचे आणि काय करून घ्यायचे, हे शिक्षकाच्या हाती ठेवले होते. त्याच काळातील ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या कार्यक्रमाने काम शिकवण्याच्या चार पायऱ्या ठरवल्या : शिकणाऱ्याची मनाची तयारी, काम दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे आणि नंतर पाठपुरावा.

पुण्याला या परंपरेशी जोडणे सोपे आहे. प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० मध्ये सुरू झालेल्या चित्रपट संस्थेत १९७४ मध्ये दिल्लीहून दूरचित्रवाणी विभाग आला आणि दूरदर्शनच्या सेवेतील कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण लॉ कॉलेज रस्त्यावर होऊ लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशव्यापी वर्गप्रसारण १५ ऑगस्ट १९८४ रोजी सुरू झाले. त्यासाठी कार्यक्रम तयार करणाऱ्या केंद्रांपैकी एक पुणे विद्यापीठात होते. शिकवण्यासाठी कॅमेरा कसा वापरावा, याची जाण असलेली माणसे या शहरात संगणक कंपन्यांच्या आधीपासून होती.

दुसरे मत सॉफ्टवेअर सेवाउद्योगाच्या कामकाजाकडे बोट दाखवते. देशातील पहिल्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कांपैकी एक १९९० मध्ये पुण्यात स्थापन झाले. त्याच वर्षी पर्सिस्टंट सिस्टिम्स ही कंपनी येथे सुरू झाली. पुढे जुन्या संगणक-प्रणालींना २००० साल नीट ओळखता यावे म्हणून केलेल्या तारीख-दुरुस्तीच्या (वायटूके) कामांमुळे परदेशी ग्राहकांच्या जुन्या प्रणाली समजून घेऊन त्या इथून सांभाळण्याचा रिवाज पक्का झाला. हस्तांतराचे टप्पेही ठरले : आधी जुना माणूस समजावून सांगतो, मग नवा त्याच्या शेजारी बसून काम पाहतो (शॅडोइंग), मग नवा काम करतो आणि जुना पाहतो (रिव्हर्स शॅडोइंग). शेवटी नव्या माणसाने आपल्याला समजलेले सगळे जुन्यासमोर मांडायचे, ही ‘रिव्हर्स केटी’. इंटरनेटवरील बैठकांत स्क्रीन दाखवण्याची आणि ती मुद्रित करण्याची सोय आली, तेव्हा यांतील पहिला टप्पा आपोआप साठवला जाऊ लागला.

प्रस्तुत नोंदीत दुसऱ्या मताला अधिक वजन दिले आहे. प्रशिक्षणपटाला संहिता, निवेदक आणि संकलन असते. पुण्यातील टीमच्या संग्रहांत आढळणाऱ्या बहुतेक चित्रफितींना यांपैकी काहीच नसते. त्या मुळात बैठकाच आहेत, आणि नंतर येणाऱ्यासाठी ठेवून दिल्या आहेत. मनुष्यबळ विभागाचे स्वागतपट मात्र पहिल्या परंपरेत बसतात.

२०२० नंतर : मार्च २०२० मधील टाळेबंदीने या पद्धतीला अपवादातून नियमात आणले. लॅपटॉप कुरिअरने लातूरला किंवा जळगावला पोहोचायचा, ओळखपत्र महिनोन्‌महिने मिळायचे नाही आणि पहिल्या दिवशी एका दुव्यावर व्हिडिओंची यादी यायची. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये कॉल सेंटर व तत्सम सेवांसाठीची नोंदणीची अट काढली आणि कर्मचाऱ्यांना कोठूनही काम करण्याची मोकळीक दिली; जून २०२१ मध्ये हे नियम आणखी शिथिल झाले. मुद्रित चित्रफितीचा व्यावहारिक फायदा याच काळात ठळक झाला. गुरुवारी महावितरणने दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवली, तर थेट सत्र हुकते, रेकॉर्डिंग हुकत नाही.

स्वरूप : एखादे केटी रेकॉर्डिंग उघडले, की पहिली काही मिनिटे ‘आवाज येतोय का?’, ‘स्क्रीन दिसतेय का?’ यांत जातात. मग मूळ गाभा सुरू होतो : एकजण मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांच्या मिश्रणात बोलत प्रणालीचे एकेक पान उघडतो. ‘हे बटण आत्ता दाबू नका, रात्रीचा जॉब संपल्यावरच दाबायचं’ असे एखादे वाक्य मध्येच येते. लेखी दस्तऐवजात ते कुठेच नसते आणि सगळ्या तासाभराचे मोल त्या एका वाक्यात असते. मधूनच कोणी प्रश्न विचारतो. प्रश्न ऐकू येत नाही, उत्तर तेवढे ऐकू येते. खाली टास्कबारवर दुसऱ्याच ग्राहकाच्या फोल्डरचे नाव दिसते. अशा फितीला वेळांची अनुक्रमणिका जोडली नाही, तर ते वाक्य नवागताच्या हाती लागणे कठीण. लिप्यंतर आपोआप काढणारी साधने आता उपलब्ध आहेत, पण मराठी-इंग्रजी मिसळलेल्या बोलण्यात ती अजून अडखळतात.

लांबी : व्हिडिओ सहा मिनिटांपेक्षा मोठा नसावा, असा संकेत प्रशिक्षण क्षेत्रात रूढ आहे. त्याचा आधार म्हणजे फिलिप गुओ, जूहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरील ४ अभ्यासक्रमांतील ८६२ व्हिडिओ आणि ते पाहण्याची सुमारे ६९ लाख सत्रे त्यांनी तपासली. व्हिडिओ कितीही लांब असला, तरी पाहण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांपलीकडे जात नव्हता. हे विद्यार्थी मात्र स्वेच्छेने आणि विनामूल्य शिकणारे होते. पगारावर रुजू झालेल्या माणसाला तोच आकडा जसाच्या तसा लावणे घाईचे ठरेल. त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष अधिक उपयोगी आहे : वर्गातील लांब व्याख्यान नंतर कापून केलेल्या तुकड्यांपेक्षा सुरुवातीपासूनच छोट्या व्हिडिओसाठी बेतलेली मांडणी लोकांना जास्त धरून ठेवते. तासभराच्या केटीचे दहा तुकडे केले म्हणजे काम भागले, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

पूर्ततेची नोंद : व्हिडिओ पाहिला की नाही, हे कंपनीच्या शिक्षण-व्यवस्थापन प्रणालीत नोंदवले जाते. त्यासाठी अजूनही मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा तांत्रिक संकेत म्हणजे स्कॉर्म. त्याची पहिली आवृत्ती २००० मध्ये आणि दीर्घकाळ टिकलेली १.२ ही आवृत्ती २००१ मध्ये आली. या आवृत्तीत पाठाची स्थिती सहाच शब्दांत सांगता येते : उत्तीर्ण, पूर्ण, अनुत्तीर्ण, अपूर्ण, चाळलेला आणि न उघडलेला. अर्धवट सोडलेल्या पाठाची आठवण ठेवण्यासाठी ४,०९६ अक्षरांची जागा असते. ‘पूर्ण’ ही स्थिती केव्हा पाठवायची, हे पाठ तयार करणारा ठरवतो. व्हिडिओ शेवटपर्यंत चालला एवढ्यावरही ती पाठवता येते. २०१३ मधील एक्सएपीआय या संकेतात ‘कोणी, काय केले, कशावर’ अशा विधानांच्या रूपात अधिक तपशील साठवता येतो. तरीही माणसाला समजले का, याचे उत्तर दोन्हींपैकी एकही देत नाही.

मर्यादा : जॉन व्हॅन मानन आणि एडगर शाइन यांनी १९७९ मध्ये नवागत संस्थेत मिसळण्याच्या पद्धतींची सहा जोड्यांत विभागणी केली. त्यांपैकी एक जोडी येथे लागू पडते : अनुभवी माणसाने हाताशी धरून शिकवणे आणि तसा कोणी मागे नसणे. केटी रेकॉर्डिंग दिसायला पहिल्या प्रकारचे आहे, पण बोलणारा बहुधा नोकरी सोडून गेलेला असतो. त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. टालिया बाउअर यांनी २०१० मध्ये मांडलेल्या चौकटीत नियमपालन, कामाची स्पष्टता, संस्थेची संस्कृती आणि माणसांशी जोडले जाणे असे चार स्तर आहेत. पहिला स्तर व्हिडिओ उत्तम सांभाळतो, दुसरा बराचसा. चौथ्याला त्याचा हात पोहोचत नाही. युद्धकाळातील चार पायऱ्यांच्या भाषेत सांगायचे, तर व्हिडिओ ‘दाखवणे’ ही एकच पायरी पुरी करतो. ज्या टीमने रेकॉर्डिंग दिल्यावरही रिव्हर्स केटी चालू ठेवली, तिने उरलेल्या पायऱ्या राखल्या. ज्यांनी ती वेळखाऊ म्हणून सोडली, त्यांचे नवे सहकारी सगळे व्हिडिओ पाहूनही पहिल्या अडचणीशी एकटे झगडतात. ही हानी खरी आहे आणि टाळता येण्याजोगी आहे. आठवड्यातून एकदा बडीसोबत (मदतीला नेमून दिलेल्या जुन्या सहकाऱ्यासोबत) बसून नवागतानेच प्रणाली समजावून सांगावी, एवढेही पुष्कळ होते.

कायदेशीर बाजू : कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याचे (‘पोश’) कलम १९ मालकावर ठरावीक कालांतराने कार्यशाळा व जाणीवजागृतीचे कार्यक्रम घेण्याचे बंधन घालते. ‘पोश’चा व्हिडिओ आणि त्याखालची प्रश्नावली त्याला पूरक ठरते, पण अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीच्या सदस्यांशी प्रत्यक्ष ओळख करून देणे अधिक श्रेयस्कर मानले जाते. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ग्राहकांची नावे, फोन क्रमांक, क्वचित पासवर्डही दिसतात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ नंतर असे संग्रह तपासून त्यांतील भाग झाकणे किंवा फिती काढून टाकणे निकडीचे झाले आहे.

लघुउद्योग आणि मराठी : पुण्याजवळच्या भोसरी-चाकण औद्योगिक पट्ट्यात काम यंत्रावर असल्याने दूरस्थ रुजूकरणाचा प्रश्न हिशेब, खरेदी, विक्री अशा मोजक्या विभागांपुरता येतो. तिथे व्हिडिओ बहुधा मोबाइलवर काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले जातात. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद कशी करावी, मालवाहतुकीचे ई-वे बिल कसे काढावे, असे त्यांचे विषय असतात आणि निवेदन सरळ मराठीत असते. फाइल लहान ठेवावी लागते म्हणून ते आपसूकच आटोपशीर होतात, आणि पाठवणारा त्याच गटात असल्याने न समजलेले लगेच विचारता येते.