लॅमिव्ह्युडिनच्या आडोशाला लपलेली कावीळ

भारतात १ एप्रिल २००४ रोजी एचआयव्हीचे मोफत औषधोपचार सुरू झाले. मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक. स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन, नेव्हिरापिन हे तेव्हाचे नेहमीचे त्रिकूट. त्यातले हिपॅटायटिस बीच्या, म्हणजे यकृताला होणाऱ्या एका काविळीच्या (पुढे नुसते ‘बी’), विषाणूला रोखणारे औषध एकच, लॅमिव्ह्युडिन. म्हणजे एचबीएसएजी (बीचा संसर्ग दाखवणारी रक्तचाचणी) तपासणी न झालेल्या रुग्णाच्या कावीळीवरही नकळत, एकाच औषधाचा उपचार सुरू होत असे.

हे औषध अमेरिकेत १९९५ मध्ये एचआयव्हीसाठी (दिवसाला ३०० मिलिग्रॅम) आणि १९९८ मध्ये हिपॅटायटिस बीसाठी (१०० मिलिग्रॅम) मंजूर झाले. पण एकटे दिले की बीचा विषाणू त्याला सरावतो. दोन्ही संसर्ग असलेल्या फ्रान्समधील रुग्णांत चार वर्षांत सुमारे ९० टक्क्यांना हा प्रतिरोध आल्याचे १९९९ मध्येच दिसले होते. एसजीपीटी (यकृताला इजा झाल्याचे दाखवणारे रक्तातले विकर) वाढले की संशय नेव्हिरापिनवर जाणार, कारण तेही यकृताला त्रास देते. मग सगळ्याच गोळ्या थांबवल्या, तर बी उसळून यकृत निकामी होण्याचा धोका.

चित्र बदलले ते टेनोफोव्हिर या औषधामुळे. त्याला मंजुरी एचआयव्हीसाठी २००१ मध्ये, बीसाठी २००८ मध्ये. त्याला बीचा प्रतिरोध जवळपास दिसतच नाही. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला पहिल्या फळीत, म्हणजे सुरुवातीच्या उपचारात, पसंतीचे स्थान दिले. आजच्या टीएलडी गोळीत टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम असते, म्हणजे बीविरुद्ध दोन औषधे.

चूक उलट दिशेनेही झाली. एन्टेकॅव्हिर फक्त यकृताचे औषध समजले जाई; ते एचआयव्हीलाही दाबते आणि एम१८४व्ही हा प्रतिरोधी बदल घडवते, हे २००७ मध्ये कळले. म्हणून बीचा उपचार सुरू करण्याआधी एचआयव्ही चाचणी हवीच.

औषधे बदलताना आजही घोटाळा होतो. एचआयव्हीवर टीएलडी निकामी ठरली, म्हणून दुसऱ्या फळीत टेनोफोव्हिर काढून टाकायचे नाही. बीसाठी ते चालूच ठेवायचे. मूत्रपिंड बिघडले की टेनोफोव्हिरऐवजी अबॅकॅव्हिर-लॅमिव्ह्युडिन देण्याची प्रथा आहे. अबॅकॅव्हिरचा बीवर उपयोग नाही, त्यामुळे रुग्ण पुन्हा २००४ च्या जागी, बीविरुद्ध एकट्या लॅमिव्ह्युडिनवर, येतो. अशा वेळी क्रिएटिनिननुसार (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) मात्रा कमी करून एन्टेकॅव्हिर जोडतात, किंवा टेनोफोव्हिरचा मूत्रपिंडाला सोसवणारा अलाफेनामाइड प्रकार देतात. एन्टेकॅव्हिरची मात्रा ठरवताना आधी लॅमिव्ह्युडिन किती काळ चालू होते ते केसपेपरवर पाहावे लागते. प्रतिरोध असेल तर नेहमीचे अर्धा मिलिग्रॅम नव्हे, एक मिलिग्रॅम लागते.