अमूर्त शिल्प : रोजच्या वस्तू आणि कारागिरी

दोर, तार, गोणपाट, बाटल्यांची झाकणे अशा घरा-बाजारातल्या वस्तूंना गाठ मारून, विणून, शिवून किंवा वळवून घडवलेले शिल्प; यात ओळखीची आकृती दाखवण्याचा आग्रह नसतो. घारापुरीत नको तो दगड काढून टाकल्यावर मूर्ती उरली. इथे काढायचे काहीच नसते. एकच क्रिया हजारो वेळा करत जायची आणि आकार तिच्यातूनच वाढू द्यायचा. त्यामुळे आराखड्यापेक्षा हाताची सवय मोठी ठरते.

भारतात या वाटेने सर्वांत लांब गेल्या त्या मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५). जन्म मुंबईचा, शिक्षण बडोद्यात चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली. १९७० च्या दशकापासून त्या वाखाचे दोर रंगवून नुसत्या गाठींनी माणसाहून उंच शिल्पे बांधत. कागदावर आधी रेखाटन नाही, छोटा नमुनाही नाही. गरजेपुरता आत धातूचा सांगाडा. ‘यक्षी’, ‘वनश्री’ ही नावे पाहता त्यांना निखळ अमूर्त म्हणणे जड जाते. फूल, देह आणि वस्त्र यांच्या मधलेच काहीतरी समोर उभे असते, आणि ते तसेच राहू द्यावे. पुढे त्या माती आणि कांस्याकडे वळल्या.

अमेरिकन शिल्पकार रूथ असावा यांनी १९४७ मध्ये मेक्सिकोतल्या टोलुका इथे अंडी ठेवायच्या तारेच्या टोपल्या विणण्याची पद्धत शिकून घेतली आणि तिच्यातून एकात एक लोंबणारे पोकळ आकार काढले. घानात जन्मलेले शिल्पकार एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची धातूची झाकणे चेपून तांब्याच्या तारेने जोडतात. लांबून पाहिले तर भरजरी शालच वाटते.

नवी मुंबईच्या वाचकाला यातली सामग्री अनोळखी नाही. वाशीच्या घाऊक बाजारात धान्याचे बारदान पडलेले असते, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांतून पत्रा आणि तार निघते. तंत्रही जवळच आहे. बेलापूरजवळच्या दिवाळे या गावासारख्या कोळी गावात मोठे जाळे नीट पाहावे. डोल या पिशवीसारख्या जाळ्याचे तोंड रुंद, तिथले आस, म्हणजे जाळ्याची भोके, मोठे. शेपटाकडे आस बारीक होत जातात आणि जाळे नरसाळ्यासारखे निमुळते होते. आकार सगळा गाठींच्या हिशेबातून येतो, साचा लागत नाही. मुखर्जींच्या दोरकामाची उकल कलेच्या पुस्तकापेक्षा या जाळ्यात लवकर होते. बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये देशभरचे कारागीर येतात, तिथेही विणकाम आणि बांबूकाम जवळून पाहता येते. जाळे पोटासाठी आणि शिल्प पाहण्यासाठी, एवढ्यावरून एकाला कसब आणि दुसऱ्याला कला म्हणण्याची पद्धत मात्र अजून सुटलेली नाही.

अशा कामाचा मोठा शत्रू म्हणजे दमट, खारी हवा. खाडीकाठच्या पावसाळ्यात गोणपाटाला बुरशी धरते, खाऱ्या हवेत लोखंडी तार गंजते. शिवाय टांगलेला दोर स्वतःच्याच वजनाने ताणत जातो.