नगरसेविका व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि आधीपासूनची तयारी

बृहन्मुंबई महापालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ ला झाली. अर्ज भरायची मुदत २३ ते ३० डिसेंबर, म्हणजे जेमतेम आठवडा होती. गावाकडून वडिलांच्या शाळेचा दाखला आणायचा, नावातली तफावत दुरुस्त करायची, नवऱ्याच्या कर्जाचे कागद गोळा करायचे, हे सगळं आठवड्यात होत नाही. वस्तीत दहा-पंधरा वर्षं काम केलेल्या बायका मागे पडतात त्या बहुतेकदा कागदांपायी. म्हणून पुढच्या निवडणुकीची किंवा एखाद्या पोटनिवडणुकीची तयारी आत्तापासूनच करायला हवी.

२२७ प्रभागांपैकी ११४ महिलांसाठी राखीव असतात. राज्यात पन्नास टक्के आरक्षणाचा कायदा २०११ मध्ये झाला आणि मुंबईत २०१२ च्या निवडणुकीत तो पहिल्यांदा लागू झाला. या वेळच्या सोडतीत ११४ पैकी ८ जागा अनुसूचित जातीच्या, १ अनुसूचित जमातीच्या, ३१ नागरिकांच्या मागास प्रवर्गातल्या (म्हणजे ओबीसी) आणि ७४ सर्वसाधारण महिलांसाठी निघाल्या. या ७४ जागांबद्दल गैरसमज फार आहे. तिथे कुठल्याही जातीची, धर्माची बाई उभी राहू शकते आणि जातीचा दाखला लागत नाही. उत्तर प्रदेशातून लग्न होऊन गोवंडीत आलेली बाईसुद्धा मुंबईची मतदार असेल तर उभी राहू शकते. खुल्या जागांवरही बायकांना लढता येतं. आरक्षण नव्हतं तेव्हा, १९६१ मध्ये, गोरेगावच्या मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर पालिकेत निवडून गेल्याच होत्या. २०१९ ते २०२२ मध्ये महापौर असलेल्या किशोरी पेडणेकर मूळच्या परिचारिका. महापालिकेत जायला घराणं किंवा पदवी लागते असं कायद्यात कुठेही नाही.

पात्रता

वय २१ पूर्ण हवं आणि नाव मुंबई महापालिकेच्या मतदार यादीत हवं. ते कुठल्याही प्रभागात असलं तरी चालतं, उभं राहायचंय त्याच प्रभागात असण्याची अट नाही. दुसऱ्या प्रभागातून लढत असाल तर आपल्या नावाचा यादीतला प्रमाणित उतारा अर्जासोबत जोडा. अर्जावर सूचक म्हणून सही करणारी व्यक्ती मात्र त्याच प्रभागाची मतदार लागते.

प्रभागाची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. राज्य निवडणूक आयोग त्यात स्वतःहून नवं नाव घालत नाही. त्यामुळे नाव नसेल तर नमुना ६ आणि पत्ता किंवा नाव बदललं असेल तर नमुना ८ वेळेत भरायला हवा. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून काही होत नाही.

अपात्रता ठरवणारा कायदा १८८८ चा आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनच्या वर गेली असेल तर उभं राहता येत नाही. पालिकेत पगारी पद असेल तरीही नाही. वस्तीत राबणाऱ्या बायकांनी यापुढची अट नीट पाहावी: पालिकेच्या कंत्राटात आपला हिस्सा किंवा हितसंबंध असला तर अर्ज बाद होऊ शकतो. तुमचा बचत गट पालिकेच्या शाळांना पोषण आहार पुरवत असेल आणि करारावर तुमची सही असेल, तर आधी वकिलाला विचारा. गटातून बाहेर पडायचं ठरलं तर राजीनामा, गटाचा ठराव आणि बँकेतला सहीबदल हे तिन्ही अर्जाच्या तारखेआधी झालेले असू द्या. सेवेचं कामच आड येऊ शकतं, म्हणून हे इतकं सविस्तर सांगतेय.

जातीचा दाखला आणि पडताळणी

राखीव प्रवर्गाच्या जागेसाठी जातप्रमाणपत्र लागतं. पडताळणी झाली नसेल तर निदान जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच लागते आणि निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत वैधता प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते दिलं नाही तर पद जातं.

बायकांची अडचण अशी की जात वडिलांकडून धरली जाते, आणि आधार, पॅन, रेशनकार्ड सगळं सासरच्या नावावर असतं. दाखला माहेरच्या नावानं काढायचा आणि विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र जोडून दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं दाखवायचं. कुर्ल्यात राहणाऱ्या पण माहेर सोलापूर जिल्ह्यातलं असलेल्या बाईला दाखल्यासाठी साधारणपणे तिकडच्याच उपविभागीय कार्यालयात अर्ज करावा लागतो. कुटुंब त्या भागात किती जुनं आहे याचा पुरावाही हवा: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. वडिलांचा किंवा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यात उपयोगी. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर तहसील कार्यालयातून जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची नक्कल काढा. माहेरी भावाकडे किंवा चुलत्याकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत आणि वंशावळीचं शपथपत्र जोडा, काम पुष्कळ सोपं होतं.

अर्ज आणि शपथपत्र

नामनिर्देशनपत्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायचं. सोबत शपथपत्र, अनामत भरल्याची पावती, शौचालय वापराबद्दलचं स्वयंघोषणापत्र आणि राखीव जागा असेल तर जातीचे कागद. पक्षाकडून लढत असाल तर एबी फॉर्म, म्हणजे पक्षानं अधिकृत उमेदवारी दिल्याचं पत्र, शेवटच्या दिवशी ठरलेल्या वेळेच्या आत पोचायलाच हवा. उशीर झाला तर पक्षाचं चिन्ह हातचं जातं.

शपथपत्रात स्वतःची, नवऱ्याची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती असते. एकही रकाना रिकामा ठेवू नका. सांगण्यासारखं काही नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहा, कारण रिकाम्या रकान्यावरून छाननीत अर्ज बाद होतात. मोर्चात किंवा पाण्याच्या आंदोलनात नाव आलं असेल तर पोलीस ठाण्यातून गुन्हा क्रमांक आणि कलमं लिहून आणा आणि जसंच्या तसं मांडा. मोर्चातला गुन्हा लपवायची काही गरज नाही, पण लपवला तर महागात पडतं.

नवरा किंवा कार्यकर्ते ‘इथे सही कर’ म्हणाले तरी वाचल्याशिवाय सही करू नका. शपथ तुमची आहे आणि खोटी निघाली तर जबाबदारीही तुमचीच. वाचता येत नसेल तर विश्वासातल्या शिकलेल्या मुलीकडून एकेक ओळ वाचून घ्या.

खर्चासाठी स्वतःच्या नावानं वेगळं बँक खातं उघडा. मुंबईत एका उमेदवाराला १५ लाखांपर्यंत खर्चाची मर्यादा आहे, एवढा खर्च केलाच पाहिजे असं नाही. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो, जिंकलेल्यांनी आणि हरलेल्यांनीही. तो दिला नाही तर तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. पहिल्यांदा थोडक्यात हरलेल्या बायका निराश होऊन नेमका हा हिशेब द्यायचा विसरतात आणि पुढच्या वेळची संधी घालवून बसतात. चहाच्या, मंडपाच्या, पत्रकांच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका फाइलीत तारीखवार लावत जा.