जुनं क्लॅरिनेट घेताय? वय नंतर विचारा, आधी सूर मोजा

सेकंडहँड वस्तूंच्या जाहिरातींत अधूनमधून एखादं क्लॅरिनेट दिसतं आणि खाली ठरलेला मजकूर, "ब्रिटिशकालीन, १०० वर्षं जुनं, अँटिक पीस, जाणकारांनीच फोन करावा". वैष्णोदेवीच्या छापाचं नाणं लाखोंना जातं हे व्हॉट्सॲपवर वाचून घरातले डबे उपसणारे आपण, त्यामुळे जुनं म्हणजे किमती हे डोक्यात पक्कं बसलंय. पण क्लॅरिनेट घेणारा ते वाजवायला घेतो, आणि १०० वर्षांपूर्वीच्या वाद्यात एक भानगड असू शकते जी कुठल्याच कारागिराला धड दुरुस्त करता येत नाही. ती म्हणजे त्याचा सूर.

आज ए हा सूर म्हणजे ४४० हर्ट्झ, सेकंदाला ४४० कंपनं, हे सगळे धरून चालतात, पण यावर आंतरराष्ट्रीय एकमत झालं १९३९ साली, लंडनच्या परिषदेत. त्याआधी देशोदेशी वेगळा कारभार. फ्रान्सने १८५९ मध्ये ४३५ ठरवला, इंग्लंडात मात्र ४५२ च्या आसपासचा 'हाय पिच' जोरात होता, आणि ब्रिटिश लष्कराचे बँड १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्यालाच चिकटून होते. म्हणजे छावणीतल्या बँडचं म्हणून जे वाद्य अभिमानाने दाखवलं जातं तेच हाय पिच निघायची शक्यता जास्त! ४४० आणि ४५२.५ मधला फरक २.८ टक्के, म्हणजे जवळपास अर्धा सेमीटोन (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन). बी फ्लॅट क्लॅरिनेटचा मूळ सूर पेटीच्या काळी पाचला बसायला हवा, तो हाय पिच वाद्यात काळी पाच आणि पांढरी सातच्या मधोमध जाऊन पडतो, आणि तिथे पेटीवर पट्टीच नाही.

मग विकणारा बॅरल, म्हणजे माउथपीसखालचा छोटा तुकडा, दाखवत म्हणतो, "बॅरल थोडं बाहेर ओढा की, उतरतो सूर." इथे खरी गंमत आहे.

क्लॅरिनेटची नळी आतून बहुतांशी सरळ दंडगोल, आणि रीडकडचं, म्हणजे फुंकायच्या पातळ पट्टीकडचं, टोक ध्वनीच्या दृष्टीने बंद. अशा नळीत लहरीचा पाव भागच मावतो, म्हणून नळीची लांबी तरंगलांबीच्या साधारण एक चतुर्थांश. सगळ्यात खालचा सूर १४७ हर्ट्झचा, त्याला सुमारे ५९ सेंमी हवा लागते. सगळी भोकं उघडी ठेवून वाजणारा सूर ३४९ हर्ट्झचा, त्याला फक्त २५ सेंमी, कारण हवेचा स्तंभ वरच्या भोकांपाशीच संपतो. आता २.८ टक्क्यांनी उतरवायचं तर खालच्या सुराला साडेसोळा मिलिमीटर लांबी वाढवायला हवी आणि वरच्याला फक्त सात. बॅरल ओढलं की दोघांनाही सारखीच लांबी मिळते. सात मिलिमीटर ओढलंत तर वरचा सूर जागेवर येतो पण खालचा अजून २५-३० सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) चढाच. साडेसोळा ओढलंत तर खालचा बसतो आणि वरचा अर्ध्या सेमीटोनहून जास्त बेसूर उतरतो. शर्टाची कॉलर वाढवून बाह्या लांब होत नाहीत, तसंच हे.

यात अजून एक मेख. बासरीत जोरात फुंकलं की वारंवारता दुप्पट होते, बंद नळीत मात्र विषम हार्मोनिकच (मूळ वारंवारतेच्या तिप्पट, पाचपट असे उपसूर) जोरकस असल्यामुळे रजिस्टर की, म्हणजे डाव्या अंगठ्याची चावी, दाबली की थेट तिप्पट. त्यामुळे क्लॅरिनेटच्या नोटेशनमध्ये बी फ्लॅट म्हणून लिहिलेला सूर हा अगदी आखूड नळीचा सूर, आणि त्याला खेटून असलेला बी मात्र जवळजवळ पूर्ण नळीचा, सगळ्यात खालच्या सुराची (नोटेशनमध्ये ई) तिप्पट. म्हणजे ओढलेल्या बॅरलची चूक नेमकी या दोन शेजाऱ्यांच्या मधे भेगेसारखी उघडी पडते, साधा स्केल वाजवला तरी कळतं. उपाय एकच, प्रत्येक भोक नव्या जागी, म्हणजे नवं वाद्यच करा.

ओळखायचं कसं? बॅरल पूर्ण आत बसवून फोनवरच्या ट्युनरसमोर चार-पाच सूर वाजवा, सगळेच ४५-५० सेंट चढे दिसले तर नमस्कार करून निघा. वाजत नसेल तर टेप लावा. माउथपीस सोडून, बॅरलच्या वरच्या कडेपासून बेलच्या, म्हणजे तळाच्या कर्ण्याच्या, खालच्या कडेपर्यंत आजचं बी फ्लॅट साधारण ६० सेंमी भरतं, हाय पिच दीडदोन सेंमी कमी. काहींवर एल.पी. (लो पिच, म्हणजे चालणारं) किंवा एच.पी. (हाय पिच) असा छाप असतो, पण छाप नसला म्हणजे लो पिच असं समजू नका.

आता शिक्के आणि चाव्या. भोकांभोवती सहा रिंगा, सतरा चाव्या आणि उजव्या करंगळीसाठी चार चाव्यांचा पुंजका म्हणजे बोहम पद्धत, १८३९ च्या सुमारास वादक क्लोझे आणि कारागीर बुफे यांनी बसवलेली. करंगळीला दोनच चाव्या, वर छोटे रोलर, ही अल्बर्ट पद्धत; हिला तुर्की, ग्रीक संगीतवाले अजून विचारतात, बाकी गिऱ्हाईक कमी. बूझी अँड हॉक्स असं जोडनाव असेल तर वाद्य १९३० नंतरचं, कारण दोन्ही कंपन्या तेव्हा एक झाल्या. त्यांचं १०१० मॉडेल, सुमारे १५.३ मिलिमीटर बोअरचं (बोअर म्हणजे नळीची आतली पोकळी), आणि बुफेचं १९५० च्या दशकातलं आर १३ यांना भाव आहे. त्याच कंपन्यांची शाळकरी मॉडेल्सही ढिगाने निघाली, त्यामुळे नुसतं नाव वाचून पाकीट काढू नका, मॉडेल आणि सिरियल नंबर बघा.

"लाकडाचंच आहे, बघा किती जड" हेही ऐकू येतं. क्लॅरिनेटचं लाकूड म्हणजे आफ्रिकन ब्लॅकवूड (आपल्या शिसवीचंच भावंड, दोघंही डालबर्जिया कुळातले) पाण्यात बुडतं हे खरं, पण एबोनाइट म्हणजे कडक रबरही बुडतं. त्यामुळे वजन सोडा. अंगठ्याने जोरात घासून वास घ्या, गंधकाचा आला तर एबोनाइट. ते उजेडाने हिरवट-तपकिरीही पडतं. लाकूड असेल तर बोअरमधून उजेडाकडे बघताना रेषा दिसतात.

मग तडे. फुंकताना आतून ऊब आणि ओल, बाहेर कोरडं, आणि लाकूड रेषेच्या आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच, म्हणून तडा उभा जातो, बहुतेक वेळा वरच्या जॉइंटवर (नळीच्या वरच्या तुकड्यावर) ट्रिल चाव्यांच्या, म्हणजे बाजूच्या छोट्या चाव्यांच्या, भोकांतून. नखाने चाचपा, चकाकीखाली भरलेला तडा नखाला लागतो.

आणि ते "जुन्या लाकडात सूर मुरतो" प्रकरण? जॉन बॅकस या भौतिकशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मोजून दाखवलं की क्लॅरिनेटच्या भिंतीच्या कंपनाचा कानाला ऐकू येण्याइतका वाटा नसतो. सूर ठरतो बोअरचा आकार, भोकांच्या कडा, माउथपीस आणि रीड यांवर. मुरण्याचे पैसे देऊ नका.

विकणार असाल तर चांदीचा मुलामा ब्रासोने घासत बसू नका, तो निघून जातो. पॅड, कॉर्क, स्प्रिंग बदलायचा खर्च आधी विचारून ठेवा, साध्या मॉडेलला तो वाद्याच्या किमतीच्या वर जातो आणि घेणारा तो वजा करूनच बोलणार. परदेशी गिऱ्हाईक असेल तर डालबर्जिया २०१७ पासून साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे, पण तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून सूट आहे. जाहिरातीत फोटोंसोबत लांबीचं माप टाका, आणि शेजारी ट्युनर ठेवून वाजवल्याचा एक व्हिडिओ.