पुरानंतरच्या विहिरीत टीसीएल किती टाकायचं?

पूर ओसरला की दोन गोष्टी हमखास होतात. रस्त्याच्या कडेने पांढऱ्या पावडरीच्या रेघा ओढल्या जातात, आणि 'एवढे जीव गेले, आता प्रेतांमुळे साथ येणार' अशी कुजबुज सुरू होते. कृष्णा-पंचगंगेच्या २०१९च्या पुरानंतर आपल्याकडे दर पावसाळ्यात ही धास्ती असते. धास्ती रास्त आहे, पण ती चुकीच्या जागी लागली आहे.

हैतीचं उदाहरण बघा. १२ जानेवारी २०१०ला तिथे प्रचंड भूकंप झाला. असंख्य माणसं ढिगाऱ्याखाली गेली, पण त्या प्रेतांमुळे कॉलरा आला नाही. तो आला ऑक्टोबरमध्ये, भूकंपानंतर नऊ महिन्यांनी. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या एका तळावरचं सांडपाणी आर्तिबोनित नदीच्या उपनदीत मिसळलं आणि खाली लोक तेच पाणी पीत होते. पुढच्या काही वर्षांत ८ लाखांहून अधिक लोक आजारी पडले, सुमारे १० हजार दगावले. अपघाती मेलेल्या माणसाच्या देहात कॉलऱ्याचे जंतू आपोआप तयार होत नाहीत. विहिरीत जनावर मरून पडलं असेल तर ते काढायलाच हवं, पण साथीची खरी वाट म्हणजे पाण्यात मिसळलेली विष्ठा. ती वाट अडवायचं आपल्याकडचं सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे टीसीएल, म्हणजेच ब्लीचिंग पावडर.

ही पावडर पाण्यात गेली की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं, म्हणजे क्लोरीनचं जंतू मारणारं रूप. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो जंतूच्या आवरणातून सहज आत शिरतो. त्याच आम्लातून सुटणारा हायपोक्लोराइट आयन मात्र ऋणभारित असतो. जंतूचा पृष्ठभागही ऋणभारित, म्हणून दोघं एकमेकांना दूर लोटतात. पाण्याचा सामू (पीएच) ७.५ असेल तर ही दोन रूपं निम्मी निम्मी असतात. सामू ८.५ झाला की कामाचं रूप एक दशांशाच्याही खाली येतं.

अडचण पुढे आहे. क्लोरीनला जंतू ओळखता येत नाही. ऑक्सिडीकरण होण्याजोगं जे भेटेल त्यावर तो तुटून पडतो : कुजलेला पाला, शेण, लोह, अमोनिया. पुराच्या पाण्यात हे सगळं भरपूर असतं. आधी त्यांची भूक भागते, मग उरला तर जंतूंच्या वाट्याला येतो. रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघा याच कारणाने वाया जातात. चिखलातच क्लोरीन संपतो. उघड्या रस्त्यांवर जंतुनाशक फवारू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये कोविडच्या काळातही सांगितलं होतं. रेघांनी दिलासा मिळतो, संरक्षण मिळत नाही.

मग विहिरीची भूक मोजायची कशी? यासाठीची हॉरॉक्स चाचणी मला मनापासून आवडते, कारण ती पाण्यालाच विचारते. एक काळा कप आणि सहा पांढरे कप. काळ्या कपात २ ग्रॅम टीसीएल पाण्यात कालवून द्रावण करायचं. पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी भरायचं आणि पहिल्यात त्या द्रावणाचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहापर्यंत टाकायचे. अर्धा तास थांबून प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. क्लोरीन उरला असेल तर तो आयोडाइडपासून आयोडीन मोकळं करतो आणि स्टार्च निळं होतं. शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकून पाहिलं होतं, तोच हा निळा रंग. ज्या कपात तो पहिल्यांदा स्पष्ट दिसेल, त्या कपाचा क्रमांक गुणिले २ ग्रॅम, इतकी पावडर दर ४५५ लिटरला.

समजा विहिरीचा व्यास ४ मीटर, पाणी ३ मीटर. म्हणजे साधारण ३७,७०० लिटर. तिसरा कप निळा झाला तर ४५५ लिटरला ६ ग्रॅम, एकूण सुमारे ५०० ग्रॅम. एरवीचा ढोबळ नियम १,००० लिटरला २.५ ग्रॅमचा. त्या हिशेबाने १०० ग्रॅमही पडले नसते, आणि पडले ते सगळे गाळाने खाल्ले असते. गावाला मात्र वाटलं असतं, पावडर टाकली, आता पाणी शुद्ध.

म्हणून तयारी मे महिन्यातच व्हायला हवी. विहिरीचा व्यास पूर आल्यावर मोजता येत नाही. तो ग्रामपंचायतीच्या वहीत आधीच लिहिलेला हवा. ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. दमट खोलीत, उघड्या पोत्यात तो महिनोन्‌महिने उडत राहतो. गेल्या वर्षीचं पोतं यंदा कदाचित नुसता चुना असेल. बंद डबा, कोरडी अंधारी जागा, आणि तपासणीसाठी नमुना प्रयोगशाळेत. लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, गोष्ट वेगळी. तो पुराच्या पाण्यातून चालताना जखमेवाटे शिरतो, तिथे विहिरीतला क्लोरीन कामाचा नाही.

पावडर थेट विहिरीत ओतू नका. बादलीत कालवा, पाच-दहा मिनिटं निवळू द्या, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा आणि ढवळा. खालचा चुना बाहेर टाका. हे काम रात्री केलं तर सकाळपर्यंत क्लोरीनला भरपूर वेळ मिळतो. मग सकाळी ओटी टेस्ट, म्हणजे नळीतल्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून उरलेला क्लोरीन पाहायची चाचणी. पिवळा रंग पहिल्या दहा सेकंदांत पाहायचा, कारण तोच मोकळ्या क्लोरीनचा. नंतर हळूहळू गडद होत जाणारा पिवळेपणा अमोनियाशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो आणि त्याची मारक शक्ती बरीच कमी असते. पहिल्या दहा सेकंदांत नळी रंगली नाही, तर त्या दिवशी पाणी उकळूनच प्यायचं आणि रात्री पुन्हा कप मांडायचे.