उत्तर माहीत नसलेलं प्रॅक्टिकल

प्लेट उजेडासमोर धरायची, जराशी तिरकी. अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, जिवाणूंची सलग, दुधट साय पसरलेली असते आणि त्या सायीत मधेमधे टाचणीच्या डोक्याएवढे स्वच्छ, पारदर्शक ठिपके दिसतात. यांना प्लाक म्हणतात. प्रत्येक ठिपक्याच्या जागी आधी एकच विषाणू होता. तो एका जिवाणूत शिरला, आत त्याच्या प्रती तयार झाल्या, जिवाणू फुटला, बाहेर पडलेल्या प्रतींनी शेजारच्या जिवाणूंना गाठलं. हे चक्र दिवस-दीड दिवस चाललं, तेव्हा कुठे नुसत्या डोळ्यांना दिसणारा हा ठिपका तयार झाला.

प्लेट हातात धरलेली विद्यार्थिनी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. माती तिनेच आणली होती. या ठिपक्यांमधला विषाणू कोणता, हे तिला माहीत नाही. शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकांनाही माहीत नाही. शिक्षकांना उत्तर ठाऊक नसणं, ही मुलांना मातीतून नवे विषाणू शोधायला लावणाऱ्या या शिकवण्याच्या पद्धतीतली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे असं मला मनापासून वाटतं.

नेहमीचं प्रॅक्टिकल कसं असतं ते आठवून पाहा. ग्रॅम स्टेनिंग ही 1884 साली हान्स क्रिस्टियन ग्रॅम यांनी प्रसिद्ध केलेली, जिवाणू रंगवून त्यांचा गट ओळखण्याची पद्धत आजही सूक्ष्मजीवशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो, आणि शिकलाच पाहिजे. क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल, शेवटी सॅफ्रनिन. अल्कोहोलच्या पायरीत काही सेकंद कमी-जास्त झाले की निकाल बदलतो. ई. कोलाय हा जिवाणू गुलाबी दिसायला हवा, पण कधी कधी स्लाइडवर तो चक्क जांभळा दिसतो. मग काय होतं? विद्यार्थी शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो आणि आपल्या जर्नलमध्ये 'गुलाबी' लिहितो. उत्तर आधीच छापलेलं असल्यामुळे स्वतःच्या डोळ्यांपेक्षा पुस्तकावर विश्वास ठेवणं त्याला सोयीचं वाटतं. जांभळा रंग का राहिला, या त्या दिवशीच्या सर्वांत चांगल्या प्रश्नावर तिथेच पडदा पडतो.

मातीतले विषाणू शोधण्याच्या अभ्यासक्रमात असं उत्तर उपलब्धच नसतं. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात ग्रॅहम हॅटफुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतच शाळा-कॉलेजच्या मुलांना या शोधात सामील करून घेतलं. 2008 पासून हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटच्या मदतीने 'सी-फाजेस' या नावाने तो पदवीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी अनेक कॉलेजांत सुरू झाला. फाज म्हणजे जिवाणूंना संसर्ग करणारे विषाणू. माणसाला ते काही करत नाहीत. पृथ्वीवर त्यांची संख्या सुमारे 10 वर 31 घात, म्हणजे एकावर एकतीस शून्यं, असा अंदाज आहे. त्यांच्यात विविधताही अफाट आहे. म्हणूनच पहिल्या वर्षाच्या मुलालाही आजवर कोणी न पाहिलेला फाज सापडू शकतो.

फाज वाढवायला यजमान जिवाणू लागतो. इथे बहुतेकदा मायकोबॅक्टेरियम स्मेगमॅटिस वापरतात. हा क्षयाच्या जिवाणूचा नातलग, पण सहसा निरुपद्रवी आणि वाढायला बराच वेगवान. क्षयाचा जिवाणू दुप्पट व्हायला साधारण 20 तास घेतो, याला तीन-चार तास पुरतात. माती द्रावणात घुसळायची आणि 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायची. जिवाणू वर अडकतात, त्यांच्याहून खूप लहान असलेले फाज खाली उतरतात. हे गाळलेलं द्रावण जिवाणूंबरोबर काही मिनिटं ठेवायचा, त्यात पातळ, कोमट अगार मिसळायचा आणि झटकन प्लेटवर ओतायचा.

लिहायला सोपं आहे. हातांना मात्र ते आठवडे-आठवडे सोपं जात नाही. वरचा अगार पन्नास-पंचावन्न अंशांवर पातळ ठेवावा लागतो. फार गरम असेल तर जिवाणू मरतात, आणि ओतायला उशीर झाला तर नळीतच त्याच्या गुठळ्या होतात. आणखी एक बारकावा मला फार आवडतो. स्मेगमॅटिसचं आवरण मेणचट असल्यामुळे द्रावणात त्याचे गोळे होतात. ते होऊ नयेत म्हणून वाढवताना ट्वीन नावाचं साबणासारखं द्रव्य घालतात. पण हेच ट्वीन फाजला जिवाणूवर चिकटू देत नाही. म्हणून संसर्गासाठी लागणारे जिवाणू ट्वीनशिवाय वाढवावे लागतात आणि त्यात थोडं कॅल्शियमही घालावं लागतं. यातली एक गोष्ट विसरली की दुसऱ्या दिवशी प्लेटवर सलग साय दिसते आणि ठिपका एकही नसतो.

आता या कोऱ्या प्लेटचा अर्थ काय लावायचा? मातीत फाज नव्हता? की होता, पण ट्वीन राहून गेलं? की फिल्टर करताना चूक झाली? 'कंट्रोल' हा शब्द विद्यार्थ्याच्या खऱ्या अर्थाने अंगवळणी पडतो तो इथे. शेजारी दोन प्लेट हव्यात: एकीत मुद्दाम माहितीतला फाज घातलेला, दुसरीत फाजच नाही. माहितीतल्या फाजनेही ठिपके केले नसतील तर दोष पद्धतीत आहे. त्याने केले आणि मातीच्या नमुन्याने केले नाहीत, तर नवी माती आणायची. पाठ्यपुस्तकात कंट्रोलची व्याख्या दोन ओळींची असते. कोरी प्लेट हातात घेऊन उभं राहिल्यावर त्या दोन ओळींची गरज पोटातून कळते.

ठिपका मिळाला की काम वाढतं. एका ठिपक्यात दोन जातींचे फाज मिसळलेले असू शकतात, म्हणून त्यातला कण उचलून पुन्हा पातळ करायचा, पुन्हा प्लेटवर घालायचा. सगळे ठिपके एकसारखे दिसेपर्यंत हे चालतं. याच टप्प्यावर डायल्यूशनचं गणित पक्कं होतं. दहा-दहा पटींनी पाच वेळा पातळ केलेल्या द्रावणाचे 0.01 मिलिलिटर घातले आणि 60 ठिपके मोजले, तर मूळ द्रावणात दर मिलिलिटरला 60 कोटी फाज. हेच गणित परीक्षेत चुकवणारा मुलगा इथे तीनदा तपासतो, कारण पुढचा प्रयोग त्या आकड्यावर उभा असतो. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात फाजचं डोकं आणि लांब शेपूट दिसतं. नाव कोणतं द्यायचं, हे शोधणारा ठरवतो.

पुढच्या सत्रात डीएनएची अक्षरं वाचून त्यातली जनुकं ओळखायची. संगणक अंदाज देतो, पण जनुक नेमकं कुठून सुरू होतं यावर मुलांना पुरावे मांडून वाद घालावा लागतो. सुरुवातीची खूण एटीजी असू शकते, जीटीजी किंवा टीटीजीही असू शकते. बऱ्याच जनुकांचं काम काय हे जगात कोणालाच सांगता येत नाही. तिथे 'कार्य अज्ञात' असं लिहायचं असतं, आणि तसं प्रामाणिकपणे लिहिता येणं हेही शिक्षणच.

या अभ्यासक्रमाबद्दल 2014 साली आलेल्या शोधनिबंधात 70 हून अधिक संस्थांमधला अनुभव मांडला होता. त्यात भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये पुढच्या वर्षी शिक्षण सुरू ठेवण्याचं प्रमाण जास्त दिसलं. मुळात उत्साही मुलंच अशा वर्गात येतात का, ही शंका अशा तुलनेत राहतेच, त्यामुळे त्या आकड्यांवर मी फार भर देणार नाही. मला जास्त पटतं ते मुलांच्या फाजचं पुढे काय झालं, ते.

2010 साली दक्षिण आफ्रिकेत डरबनमध्ये एका विद्यार्थिनीला कुजलेल्या वांग्याच्या नमुन्यात एक फाज सापडला. नाव ठेवलं 'मडी'. तो पिट्सबर्गच्या संग्रहात गोठवून ठेवला गेला. काही वर्षांनी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलमध्ये सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारामुळे फुफ्फुसांचं प्रत्यारोपण झालेली एक किशोरवयीन मुलगी मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस या क्षयाच्या जिवाणूच्या आणखी एका नातलगाच्या संसर्गाने अत्यवस्थ झाली. प्रतिजैविकं निकामी ठरली होती. हॅटफुल यांच्या गटाने संग्रह धुंडाळला आणि तिच्या जिवाणूवर चालतील असे तीन फाज निवडले. त्यातले दोन मुळात जिवाणूत गुपचूप दडून राहणारे, म्हणून त्यांना दडून राहू देणारं जनुक काढून त्यांना मारक बनवावं लागलं. मडी मात्र जसा सापडला तसाच चालला. मुलीची प्रकृती स्पष्टपणे सुधारली आणि 2019 साली हा उपचार प्रसिद्ध झाला. तो एकाच रुग्णावरचा होता, त्यावरून सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. पण वांगं गोळा करताना त्या विद्यार्थिनीने नोंद नीट ठेवली नसती, तर हा फाज ओळख नसलेली एक कुपी होऊन पडला असता.

याच धर्तीवर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जो हँडल्समन यांनी 2012 मध्ये येल विद्यापीठात मातीतून प्रतिजैविकं बनवणारे जिवाणू शोधण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. तिथे सापडलेलं द्रव्य बऱ्याचदा आधीच माहीत असलेलं निघतं. शोधाची रीत मात्र खरी असते.

अडचणी आहेतच. मातीतून काय उगवेल सांगता येत नाही, म्हणून अनोळखी वाढ असलेली प्लेट उगाच उघडायची नाही आणि काम संपलं की सगळं 121 अंशांवर ऑटोक्लेव्ह करायचं, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करायचं, हे पहिल्याच दिवशी ठणकावून सांगावं लागतं. शिक्षकांचा वेळ दुपटीने जातो. आणि गुण कसे द्यायचे? माझ्या मते गुण वहीला द्यावेत: तारीख, मातीची जागा, तापमान, कंट्रोलचं काय झालं, काय फसलं. ज्याला फाज मिळाला नाही त्याची वही फाज मिळालेल्यापेक्षा सरस असू शकते, आणि तसं असेल तर त्याला जास्त गुण मिळायला हवेत.

ज्यांच्या मातीतून महिनाभर काहीच निघत नाही, ते वर्गातल्याच कोणाचा तरी फाज दत्तक घेऊन पुढचं काम करतात. पण त्याआधी बहुतेक जण एकदा तरी नवी पिशवी घेऊन बाहेर पडतात. आधीची जागा कोरडी होती, असं वहीत लिहिलेलं असतं. या वेळी ते ओल असलेली जागा शोधतात.