ऑफिसच्या डब्यात गेमिंग: हिशोब ७५ वॅटचा

कंपन्यांनी वापरून काढलेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर असे कॉम्प्युटरचे काळे डबे सांगली-मिरजेच्या दुकानांतही विकायला असतात. मशीन चांगलं, किंमत परवडणारी. मग कॉलेजची पोरं विचारतात, "ह्यात गेम चालतंय का?" उत्तर ग्राफिक्स कार्डाच्या (पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या कार्डाच्या) नावापेक्षा डब्यात किती वीज आणि किती जागा आहे, यावर ठरतं.

फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर सव्वाबारा कोटींहून जास्त ठिपक्यांचे रंग दर सेकंदाला ठरवावे लागतात आणि एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. प्रोसेसरचे चार-सहा कोअर (हिशोब करणारे भाग) हुशार असतात, पण हे काम हुशारीचं नाही. ते ऊसतोडीसारखं आहे: प्रत्येकाचं काम साधं आणि एकसारखं, पण टोळी मोठी लागते. जीटीएक्स १६५० सारख्या साध्या कार्डातही असे ८९६ छोटे कोअर असतात.

या टोळीला वीज येते मदरबोर्डच्या लांब स्लॉटमधून, आणि तिथे मर्यादा आहे. पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे त्या स्लॉटच्या मानकाच्या, नियमानुसार तिथून जास्तीत जास्त ७५ वॅट घेता येतात: १२ व्होल्टवर साडेपाच अँपिअर म्हणजे ६६ वॅट, बाकीचे ३.३ व्होल्टवर. मोठ्या कार्डांना एसएमपीएसमधून (मशीनला वीज पुरवणाऱ्या भागातून) वेगळी ६ किंवा ८ पिनची केबल लागते आणि ऑफिसच्या मशीनमध्ये बहुधा ती नसतेच. एसएमपीएस बदलू म्हणावं, तर अनेक मॉडेलांत मदरबोर्डचा कनेक्टर कंपनीचा स्वतःचा असतो. ऑप्टिप्लेक्स ९०२० मध्ये नेहमीच्या २४ पिनऐवजी ८ पिनच आहेत.

मग कुणीतरी सुचवतं, साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) वायरीला कन्व्हर्टर लावून ६ पिन काढू. हा जुगाड मला अजिबात पटत नाही. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर. सगळे मिळून ५४ वॅट. ६ पिनचं कार्ड तिथून ७५ वॅटपर्यंत मागू शकतं. तारेपेक्षा आधी तापतो तो पिनांचा सांधा. तिथला रोध थोडा जास्त असतो आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. कनेक्टरचं प्लॅस्टिक वितळतं ते यामुळे.

म्हणून केबल न लागणारी कार्डं शोधायची: जीटीएक्स १६५० चे काही प्रकार, ७० वॅटचं आरटीएक्स ३०५० (६ जीबीवालंच, ८ जीबीवालं नव्हे), ५३ वॅटचं आरएक्स ६४००. शेवटच्यात एक मेख आहे. ते स्लॉटमधल्या फक्त चार लेन (डेटा जायच्या वाटा) वापरतं. पीसीआय एक्सप्रेसच्या जुन्या तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्याचा वेग सेकंदाला ४ जीबीच्या आसपास अडतो आणि कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळू लागतो. डबा बुटका असेल तर कार्ड लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचंच हवं. पट्टी घेऊन मोजावं, अंदाजानं नको.

रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी जोडा, मेमरीची वाट दुप्पट रुंद होते. एसएसडीनं गेम लवकर उघडतो, पण फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढण्याची आशा ठेवू नका. मशीन इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरचं किंवा पुढचं बघा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि सातव्या पिढीची जवळजवळ सगळी मशीनं विंडोज ११ च्या यादीत नाहीत.

राहिली उष्णता. कार्डानं खाल्लेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन त्याच डब्यात येते. मे महिन्यात आपल्याकडे खोलीतली हवाच पस्तिशी ओलांडते, तिनं प्रोसेसर किती थंड होणार? तो तापला की स्वतःच वेग कमी करतो आणि दोष मात्र कार्डाला जातो. मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवरचं मशीन उघडलं तर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पात्यांमध्ये पिवळा थर घट्ट बसलेला मिळेल. असं मशीन घेतलं तर कार्ड लावायच्या आधी तो थर काढा, थर्मल पेस्ट नवी लावा. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटानं धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते भलत्याच वेगानं फिरतं आणि बेअरिंग खराब होतं.